दोन डोंगर, एक सूर्य आणि दार नसलेली झोपडी

महाराष्ट्रात निसर्गचित्र एकच आहे. काढणारी मुलं तेवढी बदलतात. मागे डोंगर, दोन किंवा तीन. डोंगरांच्या खाचेत सूर्य, त्याची किरणं पट्टीने आखलेली. डोंगरातून निघालेली नदी वाटेत कुणाचीही भीड न ठेवता थेट बघणाऱ्याच्या अंगावर येते आणि येता येता एवढी रुंद होते, की कागद संपला नसता तर पूररेषा आखावी लागली असती. नदीच्या एका काठाला झोपडी, दुसऱ्या काठाला नारळ. आकाशात पक्षी, म्हणजे बाईंच्या ‘बरोबर’च्या दोन खुणा पाठीला पाठ लावून.

वेंगुर्ल्याच्या मुलाने हे चित्र काढलं तर काढू दे बापडा, त्याच्या दारात नारळ आहे. पण उदगीरचा मुलगाही हाच नारळ काढतो आणि तो चांगला लगडलेला काढतो. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यातही लातूरच्या मुलांच्या चित्रातली नदी दुथडी भरून वाहत असणार, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

या चित्रातला सूर्य उगवतोय की मावळतोय, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. खाली ‘रम्य पहाट’ लिहिलं की चित्र प्रसन्न होतं, आशावादी होतं, आत कुठेतरी कोंबडाही आरवतो. ‘कातरवेळ’ लिहिलं की तेच चित्र उदास होतं, झोपडीतली म्हातारी मुंबईला गेलेल्या मुलाची वाट बघू लागते. रंग तेच, नारळ तोच. शाळेच्या हस्तलिखितात पहाट म्हणून काढलेलं चित्र निरोप समारंभाच्या फळ्यावर संध्याकाळ म्हणून उतरवलेलं मी पाहिलं आहे, आणि दोन्ही वेळा प्रमुख पाहुण्यांनी त्यातला ‘भाव’ नेमका पकडला होता.

चित्रातले भाव आणि प्रतीकं कुठून येतात, याचं खरं उत्तर चित्रकलेच्या क्लासमध्ये मिळतं. म्हैस पाण्यात बसलेली का असते? कारण म्हशीचे पाय काढायला अवघड. गवत घोट्याच्या वर का वाढलेलं असतं? कारण माणसाची पावलं त्याहून अवघड. शेतकरी पाठमोरा असतो, कारण चेहरा येत नाही. त्याचे हात मागे असतात, कारण बोटं येत नाहीत. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत ही विद्या रीतसर शिकवली जाते. स्मरणचित्राच्या पेपरला ‘आठवडे बाजार’ आला, की बाजारातल्या समस्त पुरुषांनी धोतर आणि बायकांनी लुगडं नेसायचं. पाय झाकले जातात. इंटरमिजिएटच्या ‘अ’ श्रेणीला दहावीत ७ गुण वाढतात, ‘ब’ला ५, ‘क’ला ३. एवढी किंमत असेल तर कोण कशाला गुडघे काढायला जाईल?

पण हाच पाठमोरा शेतकरी चौकटीत बसून भिंतीवर गेला, की बघणाऱ्यांचं काम सुरू होतं. व्यवस्थेकडे पाठ फिरवलेला कष्टकरी. गवतात बुडालेली पावलं म्हणजे मातीत रुजलेली मुळं. म्हैस म्हणजे काय, ते मला एकदा एका कलादालनात ऐकायला मिळालं होतं. पण सांगणारे गृहस्थ वयस्कर होते, म्हणून ते इथे सांगत नाही.

आमच्या घरात हे वेड वहिनीने आणलं. ‘चित्रातून ओळखा मुलाचं मन’ अशी एक पालक कार्यशाळा होती, अल्पोपाहारासह. तिथून ती एक झेरॉक्स कागद घेऊन आली. कागदाचं मूळ तसं भारदस्त होतं. जॉन बक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली ‘घर, झाड, माणूस’ ही चाचणी मांडली. माणसाला या तीन गोष्टी काढायला सांगायच्या आणि त्यावरून त्याचं अंतरंग वाचायचं. घर म्हणजे कुटुंब, झाड म्हणजे माणसाची स्वतःविषयीची खोलवरची जाणीव. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये कार्ल कोख यांनी तर नुसत्या झाडावर भागवलं. हे सगळं समुद्र ओलांडून, अनेकदा झेरॉक्स होत होत आमच्या डायनिंग टेबलावर आलं होतं, आणि कागदाशेजारी पुतण्याचं निसर्गचित्र होतं.

“झोपडीला दार कुठंय रे?” वहिनीने सुरुवात केली. दार नाही म्हणजे मूल मोकळं होत नाही, असं कागदावर होतं.

“मागच्या बाजूला आहे.”

“मागे का?”

“अगं आई, पुढे नदी आहे ना! दार पुढे केलं तर पावसाळ्यात पाणी आत येईल.”

मूल मोकळं होत नाही म्हणावं तर प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार. वहिनी झाडाकडे वळली. खोडावर ढोली होती. कागदाच्या मते ढोली म्हणजे मनावरचा घाव, आणि ढोली खोडावर किती उंचीवर आहे त्यावरून घाव कोणत्या वयात बसला ते काढता येतं. वहिनीने त्याच्याच कंपासमधली पट्टी घेऊन खोड मोजलं, त्रैराशिक मांडलं. घाव चौथ्या वर्षी बसला होता.

“चौथ्या वर्षी आपण हा फ्लॅट घेतला,” दादा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. “घाव मला बसला होता.”

“तिथे पोपट राहतो,” पुतण्याने सांगितलं. “आणि हे खाली बारीक भोक आहे ना, तिथे मुंगूस.”

म्हणजे दुसरा घाव. हा दीड वर्षाचा असतानाचा निघाला. वहिनीचा चेहरा उतरला. शेवटी तिने झोपडीवरच्या धुरावर बोट ठेवलं. धूर फार असेल तर घरात ताण आहे, असा कागदाचा निर्वाळा होता.

“एवढा धूर कसला रे?”

“आत तू पोळ्या करतेयस.”

कागदाची घडी झाली आणि ती पर्सच्या आतल्या कप्प्यात गेली.

बिचाऱ्या वहिनीला एकटीला हसण्यात अर्थ नाही. लॉरेन आणि जीन चॅपमन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९६७ साली एक नामी उद्योग केला. माणसांची चित्रं घेतली आणि प्रत्येकाखाली चित्र काढणाऱ्याच्या तक्रारी म्हणून मनाला येतील त्या चिठ्ठ्या लावल्या. याला संशय फार, त्याला आपल्या बुद्धीची काळजी, वगैरे. चित्राचा आणि चिठ्ठीचा संबंध नाही, अशीच मुळात रचना. मग कॉलेजच्या मुलांना विचारलं, यात तुम्हाला काही मेळ दिसतो का? दिसला! संशयी माणसं डोळे चमत्कारिक काढतात. बुद्धीची काळजी असलेली डोकं मोठं काढतात. नसलेले मेळ या मुलांनी धडाधड शोधून काढले, आणि गंमत म्हणजे तज्ज्ञ मंडळी आपल्या अनुभवातून जे मेळ सांगत होती, नेमके तेच. आपल्याकडे कुंडलीचा धंदा कसा चालतो, हे समजायला यापेक्षा वेगळं काही वाचायची गरज नाही.

मोठमोठ्यांच्या चित्रांचंही काही वेगळं होत नाही. फ्रान्समध्ये बार्बिझोंला राहणाऱ्या मिले नावाच्या चित्रकाराने १८५७ ते १८५९च्या दरम्यान एक चित्र केलं. संध्याकाळची वेळ, बटाट्याचं वावर. नवरा-बायको काम थांबवून माना खाली घालून उभे आहेत. त्याच्या हातात काढलेली टोपी, तिचे हात छातीशी जोडलेले, दोघांच्या मधे बटाट्यांची टोपली. सांगतात ते असं, की एका अमेरिकन गिऱ्हाइकाने हे चित्र सांगून ठेवलं होतं, आणि त्याचं नाव बटाट्याच्या पिकासाठी प्रार्थना अशा अर्थाचं होतं. गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही. मग मिलेने मागे क्षितिजावर चर्चचा एक बारीक मनोरा टाकला आणि नाव बदलून ‘अँजेलस’ केलं, म्हणजे सायंप्रार्थनेची घंटा. एका मनोऱ्याने बटाट्याचं चित्र भक्तीचं झालं. आपला चित्रकार असता तर त्याने बाभळीमागे देवळाचा कळस काढून ‘बटाटा काढणी’ची ‘सांजवात’ केली असती आणि दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला खपवली असती. चित्रातून मालाची किंमत वाढवायची ही युक्ती आहे, आणि ती मी अजिबात वाईट मानत नाही. बटाट्याला भाव मिळणं हे कुठल्याही देशात अवघडच.

गोष्ट इथे थांबली असती तर ठीक होतं. पण पुढे साल्वादोर दाली या महाभाग चित्रकाराला हे चित्र झपाटून बसलं. त्याचं म्हणणं, हे जोडपं सायंप्रार्थना करत नाहीये, ते आपल्या मेलेल्या बाळाला पुरतंय. ती टोपली म्हणजे शवपेटी. त्यावर त्याने अख्खं पुस्तक लिहिलं, ते १९६३ साली प्रसिद्ध झालं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात चित्राचा एक्स-रे काढला गेला आणि रंगाच्या थराखाली, टोपलीच्याच ठिकाणी, पेटीच्या घडणीचा एक आकार सापडला! ती शवपेटी की खोडलेली पहिली टोपली, यावर लोक अजून भांडतात. मिले स्वतः सांगून गेला होता, की आपल्याला आजीची आठवण होती. घंटा झाली की ती सगळ्यांना काम थांबवून गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करायला लावायची. पण चित्रकाराला कोण विचारतो? आमच्या पुतण्याला तरी वहिनीने विचारलं होतं.

व्हॅन गॉगच्या कावळ्यांचीही तीच कथा. जुलै १८९०मध्ये ओव्हेर गावी त्याने पिवळ्याधमक गव्हाच्या शेतावर काळ्या कावळ्यांचा थवा रंगवला. २९ जुलैला तो गेला. झालं! हेच त्याचं शेवटचं चित्र, कावळे म्हणजे मृत्यू, मधली वाट कुठेच जात नाही म्हणजे आयुष्य संपलं. प्रत्यक्षात त्यानंतरही त्याने चित्रं केली; झाडांच्या मुळांचं एक चित्र शेवटचं मानतात. त्या दिवसांतल्या पत्रात त्याने भावाला लिहिलं होतं, की वादळी आभाळाखालच्या शेतांतून आपल्याला दुःख आणि टोकाचा एकटेपणा दाखवायचा होता. हे वाक्य सगळ्यांना पाठ. त्याच पत्रात खेड्यातलं वातावरण आपल्याला किती आरोग्यदायी आणि बळ देणारं वाटतं, हे या चित्रांतून कळावं, असंही त्याने लिहिलं होतं. ते कुणाच्या लक्षात नाही.

कावळ्यांचा अर्थ लावायचाच तर तो आपल्यालाही लावता येतो. आमच्या आजीने हे चित्र पाहिलं असतं, तर कावळे एवढे ओरडतायत म्हणजे पाहुणे नक्की, असं म्हणून तिने भाताचं आधण वाढवलं असतं. आणि मृत्यूच म्हणायचा, तर दहाव्याला घाटावर काय होतं ते आठवा. पिंड मांडून ठेवलेला, नातेवाईक दूर उभे, ‘तुमच्या मुलीचं लग्न करून देऊ’ इथपासून ‘बांधाचं भांडण मिटवू’पर्यंत सगळी आश्वासनं देऊन झाली तरी एक कावळा शिवायला तयार नाही. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करतात. त्या माणसाला गव्हावरचा हा थवा दाखवा. हायसंच वाटेल त्याला.

हे असं चालू असताना आमच्या मामाने मला चित्र कसं बघावं ते दाखवलं. मामा जुन्नर तालुक्यातला, उसाचा आणि कांद्याचा शेतकरी. माझ्या धाकट्या भावाने लंडनहून चहाचा एक ट्रे आणला होता, त्यावर इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलचं प्रसिद्ध चित्र. उथळ पाण्यात उभी असलेली रिकामी गवताची गाडी, काठावर घर, कुत्रं, वर ढगांचं भलंमोठं आभाळ. साल १८२१. भावाने नॅशनल गॅलरीत कानाला यंत्र लावून ऐकलेलं सगळं मामाला ऐकवलं: यंत्रयुग येत होतं, जुनं खेडं मोडत होतं, थांबलेली गाडी म्हणजे जणू थांबवून धरलेला काळ. मामाने चहा संपवला, ट्रे जरा तिरपा करून नीट पाहिला आणि म्हणाला, “धाव ढिली झाली असंल.”

“काय?”

“चाकाची धाव, लोखंडाची. उन्हानं लाकूड आकसतं, मग धाव निसटाया बघती. गाडी पाण्यात उभी करायची. लाकूड फुगतं, धाव घट्ट बसती. आम्ही कुकडीत घालायचो की गाड्या.”

चित्रावर लिहिणाऱ्या इंग्रजांनीही हे कारण दिलेलं आहे, मामाला ते ठाऊक असायचं काही कारण नाही. कॉन्स्टेबल गिरणीवाल्याचा मुलगा. पाणी, चाक, गाडी हे त्याच्या घरचं. या चित्राला त्याने प्रदर्शनात दिलेलं नाव ‘निसर्गदृश्य: दुपार’ एवढंच होतं. पुढे तो लंडनजवळ हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांचे अभ्यास करत बसला, तेव्हा त्यांच्या मागे तारीख, किती वाजले आणि वारा कुठून होता, हे लिहून ठेवायचा. मनःस्थिती वगैरे नाही. वारा.

आपल्याकडे कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी असंच केलं. मुंबईच्या जे.जे.त शिकलेला, शाहू महाराजांनी जपलेला हा माणूस कोटितीर्थ तलाव पुन्हा पुन्हा रंगवत राहिला, वेगवेगळ्या वेळच्या उजेडात. तिथे पाणी पाण्याचं काम करतं, झाड झाडाचं आणि ऊन उन्हाचं. त्यातली सकाळ सकाळ आहे हे कळायला खाली नाव वाचावं लागत नाही. निसर्गचित्रातला भाव म्हणतात तो मला तिथे दिसतो, आणि दोन डोंगरांच्या खाचेत दिसत नाही, ते यामुळेच असावं.

मामाच्या नातवाचं चित्र मात्र मी पाहिलेल्या निसर्गचित्रांत पहिलं लावीन. जिल्हा परिषदेच्या शाळेत स्पर्धेला ‘माझे गाव’ हा विषय होता. वर्गाने डोंगर-सूर्य-नारळ काढले. या पठ्ठ्याने अख्खा कागद काळा केला. डाव्या कोपऱ्यात खाली पिवळा ठिपका. उजवीकडे, जरा वर, शेजारी शेजारी दोन हिरवट ठिपके. बस. बक्षीस मिळालं नाही, हे सांगायला नको. दिवाळीत आम्ही गेलो तर चित्र कणगीवर पडलेलं, आणि ते नेमकं वहिनीच्या हातात आलं. पर्सच्या आतल्या कप्प्यातला कागद तिला तोंडपाठ होता. सगळा कागद काळा म्हणजे प्रकरण गंभीर.

“बाळा, इकडे ये,” तिने त्याला जवळ घेतलं. “तुला कशाची भीती वाटते का रे?”

“हो, काकी.”

वहिनीने आमच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. “कशाची?”

“बिबट्याची. हे काय त्याचं डोळं.”

पिवळा ठिपका म्हणजे आजोबांची बॅटरी. त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: शेतीपंपाला वीज पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की थ्री फेज आल्यावर बॅटरी घेऊन शेतात जायचं, मोटार चालू करायची आणि उसाला पाणी फिरवत दारं धरायची. मोटारीला ऑटो स्विच बसवता येतो, दारं धरायला अजून माणूसच लागतो. आणि जुन्नरच्या उसात बिबट्याची मादी निर्धास्त पिल्लं घालते. पकडलेले बिबटे ठेवायला माणिकडोहला खास केंद्र आहे. तर त्या कागदावर होतं ते इतकं: उसाच्या कडेने म्हातारा चालला आहे, आणि कोणीतरी त्याच्याकडे बघतंय. वहिनीचा कागद बरोबर निघाला, हे मान्य करायला हवं. भीती होतीच. फक्त ती मनाच्या तळाशी नव्हती, गट नंबर सांगता येईल अशा जागी होती.

मामाने चष्मा लावून चित्र पाहिलं. “डीपी राहिला,” म्हणाला. डीपी म्हणजे शेतातलं विजेचं रोहित्र.

“अंधारात दिसत नाय, आजा,” नातू म्हणाला. यावर मामाकडे उत्तर नव्हतं.

माझ्या पाहण्यातल्या कुठल्याही निसर्गचित्रात डीपी नाही, शेततळ्याचं प्लॅस्टिक नाही, टँकर नाही, वेशीवर सरपंचांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स नाही. गावात उतरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत याच गोष्टी दिसतात, आणि गावाची मर्जी कशी आहे तेही यांच्यावरूनच कळतं. डीपी जळालेल्या गावाच्या पारावर एकदा बसून बघा. ‘कातरवेळ’ असं खाली लिहावं लागत नाही.

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात यंदा चित्रकला स्पर्धेचा परीक्षक म्हणून मला नेमलं आहे, तेव्हा नियम इथेच जाहीर करतो. विषय निसर्गचित्र. नारळ ज्याने पाहिला आहे त्यानेच काढावा. सूर्य काढल्यास मागे वेळ लिहावी, जमल्यास वाऱ्याची दिशाही. जेसीबी, टँकर आणि डीपी यांना जादा गुण आहेत. म्हैस उभी काढणाऱ्याला, पाय कितीही वाकडे आले तरी, उत्तेजनार्थ बक्षीस नक्की. चित्र चालू असताना आणि झाल्यावरही पालकांनी अर्थ सांगू नये. विचारायचं असेल ते मी मुलांनाच विचारेन. नावं वॉचमनकडे द्यावीत. कागद मंडळ देईल, रंग आपापले आणावेत.